हाताने बंद होणारा पंखा

उरण नाक्याजवळच्या पंख्यांच्या दुकानात अबीगेलबाई पेणकर तिसऱ्या खेपेला आल्या, तेव्हा दुकानदार दिनानाथशेठनी चहा सांगितला नाही. आधीच्या खेपांना सांगितला होता. त्या खेपांत बाईंनी छताला टांगलेला एकूण एक पंखा चालू करायला लावला होता, प्रत्येकाखाली मान वर करून उभ्या राहिल्या होत्या आणि ‘छान आहे हो’ म्हणून चालत्या झाल्या होत्या.

दिनानाथशेठनी गिऱ्हाइकाच्या नाना तऱ्हा पाहिलेल्या. कुणाला हवा कमी वाटते, कुणाला आवाज जास्त वाटतो, कुणाला पात्यांचा रंग सोफ्याशी जुळत नाही. पण या बाईंची तक्रार त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. पंखे फार शहाणे झालेत, असं त्यांचं म्हणणं. रिमोटवर चालतात, मोबाइलवर चालतात, माणसाला झोप लागली की आपले आपण मंद होतात. बाईंना मठ्ठ पंखा हवा होता. कुणीतरी येऊन भिंतीवरचं बटण दाबलं तरच थांबणारा, नाहीतर सकाळपर्यंत गरगरत राहणारा.

“आजी, असा पंखा आता घेतं कोण?” दिनानाथशेठ म्हणाले.

“मी घेते,” बाई म्हणाल्या.

गोडाउनमधून धूळ झटकून एक तपकिरी पंखा आला, सोबत कटकट आवाज करत फिरणारा जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर. बाईंनी तो पाचही आकड्यांवर फिरवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. शेठनी घाईघाईने खोकं बांधलं. न जाणो, बाईंचा विचार बदलायचा.

आता ते ‘कुणीतरी येऊन’ म्हणजे कोण, हे सांगायला हवं. त्या कुणीतरीचं नाव गुणाबाई.

अबीगेलबाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. पनवेलात त्यांच्या लोकांची घरं आता बोटांवर मोजावीत एवढी. बाकीची माणसं इस्रायलला गेली. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. पंखा आणि दिवा उजेड असतानाच लावून ठेवायचा, आणि मग तो लागलेलाच राहतो. दुसऱ्या कुणाला ‘बंद कर’ असं सांगायचीही सोय नाही. सांगून करून घेतलं म्हणजे आपणच केलं, असं सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या बजावलेलं. हवापाण्याविषयी बोलायला मात्र सासूबाईंची बंदी नव्हती. म्हणून जुन्या दुमजली इमारतीत शुक्रवारची जेवणं आटोपली की अबीगेलबाई दारात येऊन मोठ्याने म्हणायच्या, “आज वारा फार लागतोय.” मग समोरच्या दारातून गुणाबाई यायच्या.

गुणाबाई आगरी. नवरा गेल्यावर मासळी विकून त्यांनी पोरींची लग्नं लावली आणि कुणापुढे मान खाली घातली नाही. त्यांचा एक नियम होता. कामाशिवाय कुणाच्या घरात जायचं नाही, आणि काम झाल्यावर तिथे थांबायचं नाही. रिकामी बाई दुसऱ्याच्या घरात बसली की तोंड सुटतं, असं त्या म्हणत. नियम कडक होता, पण गुणाबाई त्या नियमाहून हुशार होत्या. पंखा आणि ट्यूबलाइट बंद करायला जेमतेम एक चुटकी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या आधी बसायच्या आणि काम शेवटी करायच्या. भिजवलेल्या मनुकांचं सरबत व्हायचं, मग थर्मासमधला दुपारी भरून ठेवलेला चहा. थर्मास अबीगेलबाईंच्या नवऱ्याचा, झकेरियांचा. न्हावा शेव्याच्या बंदरात ते हिशेबनीस होते आणि रात्रपाळीला तो घेऊन जात. ‘काय गो हा तुजा शिला चहा,’ असं म्हणत गुणाबाई दोन कप प्यायच्या. सगळ्या आळीची उणीदुणी काढून झाली की उठायच्या, बटणं खटखट दाबायच्या आणि काळोखातूनच आपल्या दाराशी पोचायच्या. झकेरिया गेले, मुलगा रुबेन इस्रायलला अश्दोद शहरात स्थायिक झाला, तरी अबीगेलबाईंचा शुक्रवार कधी रिकामा गेला नाही.

मग ती इमारत पाडली आणि तिथेच सात मजली टॉवर उभा राहिला. अबीगेलबाईंना चौथा मजला मिळाला, गुणाबाईंना पहिला. समोरासमोरची दारं गेली. वारा लागतोय म्हणून चौथ्या मजल्यावरून कितीही ओरडलं तरी पहिल्या मजल्यावर ऐकू जाणार नव्हतं. तरीही आपण शुक्रवारी काम करून जाऊ, असं गुणाबाईंनी कबूल केलं होतं. अबीगेलबाईंना एकच धास्ती होती. नव्या घरातला पंखा आपला आपण बंद व्हायला लागला, तर ही बाई लिफ्टमध्ये पाऊल ठेवायची नाही. नवीन घरातलं बाकी काहीही बिघडलं तरी चालणार होतं, पंखा तेवढा बिनडोक हवा होता.

पण रुबेनची मतं वेगळी होती. आईने आता सुखात राहावं म्हणून त्याने तिकडे बसून सगळं ठरवलं होतं. हॉलमध्ये रिमोटचा पंखा, छताच्या कडेने लपवलेले दिवे, आणि माणूस आत गेलं की आपोआप लागणारा बाथरूमचा दिवा. हरेश इलेक्ट्रिशियनला त्याने परस्पर फोन करून हे सांगितलं होतं. हरेश तळोज्याच्या नव्या सोसायट्यांमध्ये कामं करून तरबेज झालेला. टॉवरमध्ये साधी ट्यूबलाइट लावणं म्हणजे त्याला स्वतःची बदनामी वाटत होती.

अबीगेलबाईंनी शांतपणे दोघांनाही गुंडाळलं. रिमोट आमच्या धर्मात बसत नाही, असं त्यांनी हरेशला सांगितलं. धर्म म्हटल्यावर हरेशची जीभ लुळी पडली. या छताला रिमोटचा पंखा पेलणार नाही असं हरेश म्हणतो, असं त्यांनी रुबेनला सांगितलं. इलेक्ट्रिशियन म्हटल्यावर रुबेनची जीभ लुळी पडली. दोघांनी एकमेकांना फोन करू नये म्हणून हरेशच्या हातात रोज नारळाच्या करंज्या पडत होत्या. आपोआप लागणाऱ्या दिव्याच्या बाबतीत तर बाईंना खोटंही बोलावं लागलं नाही.

“शनिवारी मी बाथरूममध्ये पाय टाकला आणि दिवा लागला, तर तो लावला कुणी?” त्यांनी रुबेनला व्हिडिओ कॉलवर विचारलं. “मीच ना? मग शनिवारभर मी जायचं कुठे?”

रुबेनने कपाळाला हात लावला आणि तो दिवा रद्द केला. तपकिरी पंखा लागला, ट्यूबलाइट लागली, दाराजवळ गुणाबाईंच्या उंचीला बेताचा होईल असा बटणांचा बोर्ड लागला. वास्तूच्या दिवशी मलिद्याची प्रार्थना झाली. तेव्हा त्यातल्या प्रसादाच्या गोड पोह्यांसाठी खोबरं किसायचं काम होतं, म्हणून गुणाबाई सकाळपासून हजर होत्या. नवा बोर्ड त्यांनी लांबूनच न्याहाळला आणि ‘बरा हाय’ म्हणाल्या. अबीगेलबाईंना लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

पण धर्माचं हत्यार एकदा बाहेर काढलं की समोरच्यालाही ते दिसतं. रुबेनने भारतात येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर टाइमर पाठवला. तिकडे घरोघरी शब्बाथला तोच वापरतात. शुक्रवारी दुपारी वेळ लावून ठेवायची, मग दिवे-पंखे ठरल्या वेळी बंद होतात, कुणी हात लावायला नको. धर्मात शंभर टक्के बसतो, आई, आता बोल, असं रुबेन म्हणाला. आई काय बोलणार? तिने स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. हरेशने टाइमर बसवला, वेळही रुबेननेच फोनवरून सांगितली, आणि आजींना आता आराम, असं म्हणून हरेश शेवटची करंजी खाऊन गेला.

त्या शुक्रवारी गुणाबाई लिफ्टमध्ये देवाचं नाव घेत वर आल्या. टाइमरचं त्यांना सांगायला अबीगेलबाईंची जीभ रेटली नाही. रुबेनने लावलेली वेळ व्हायच्या आत काहीतरी कारण काढून त्यांना उठवावं, असा त्यांचा बेत होता. पण गुणाबाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेची गोष्ट काढली होती, आणि गोष्ट खरोखरच रंगात आली होती. सुनेने सासूला काय उत्तर दिलं, हे गुणाबाई आता सांगणार, कप त्यांच्या ओठाशी, तेवढ्यात भिंतीवर टक् झालं. ट्यूबलाइट गेली आणि पंखा गरगरत गरगरत थांबला. टेबलावरचा शब्बाथचा दिवा तेवढा राहिला.

गुणाबाईंनी कप खाली ठेवला.

“मला घालवाया दिवा घालवलास?” त्यांनी विचारलं.

बसलेल्या माणसाच्या डोक्यावरचा दिवा घालवायचा म्हणजे काय, हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. अबीगेलबाई ‘अगं नाही, ते आपोआप होतं, रुबेनने’ असं काहीतरी म्हणाल्या. त्यांचा हात बटणाकडे जायला उठला आणि शब्बाथ आठवून अर्ध्यातच परत आला. गुणाबाईंनी स्वतः जाऊन बटणं दाबून पाहिली. काहीच लागेना.

“आपोआप होतंय ना,” गुणाबाई म्हणाल्या. “मंग माजं काय काम?”

आणि जिना उतरून निघून गेल्या. सुनेने काय उत्तर दिलं ते राहूनच गेलं. अबीगेलबाईंना इतकं वाईट वाटलं की झकेरिया गेल्यावरही एवढ्या एकट्या बसल्या नव्हत्या, असं त्यांच्या मनात आलं. लगेच त्यांना त्याची लाजही वाटली.

पुढच्या शुक्रवारी कुणी आलं नाही. टाइमरने आपलं काम केलं आणि अबीगेलबाईंनी थर्मासमधला चहा शनिवारी सकाळी बेसिनमध्ये ओतला.

रविवारी त्यांनी हरेशला बोलावून तो टाइमर काढायला लावला. फुकट घालवायचा कशाला, म्हणून त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला बसवायला सांगितला. वॉचमन पंप बंद करायला विसरायचा आणि रोज गच्चीवरची टाकी भरून वाहायची, त्याचा तेवढाच बंदोबस्त झाला. रुबेनचा फोन आला तेव्हा बाई न अडखळता म्हणाल्या, “तुझा टाइमर एक नंबर आहे बाबा. अख्खी बिल्डिंग तुला दुवा देते.” रुबेनला आई कौतुकात जरा वाहवली असं वाटलं, पण तो खूश झाला.

जाता जाता हरेशने एक गोष्ट सांगितली. पंप गुणाबाईंच्या खिडकीखालीच होता आणि गुणाबाई तिथे खुर्ची टाकून जवळा निवडत होत्या. हे यंत्र आलं कुठून, असं त्यांनी विचारलं. चौथ्या मजल्यावरच्या आजींना नको झालं, असं हरेशने सांगून टाकलं. मग त्या काय म्हणाल्या, हे अबीगेलबाईंनी विचारलं. काही नाही, जवळा निवडत बसल्या, हरेश म्हणाला.

म्हणजे राग गेला नव्हता. बोलावणं पाठवावं, तर काम नसताना कशाला येऊ हे उत्तर ठरलेलं. आता पंखा होता, ट्यूबलाइट होती, काम होतं. शुक्रवारी काय होतं ते बघायचं, असं म्हणून अबीगेलबाईंनी मनुका भिजत घातल्या.

आणि शुक्रवारी दुपारी वीज गेली.

कुठेतरी मोठी केबल जळली म्हणे. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही. टॉवरचा जनरेटर बिल्डरने कागदावर दिला होता, त्यामुळे लिफ्टही बंद. अबीगेलबाईंनी काचेच्या पेल्यात पाणी घातलं, वर खोबरेल ओतलं, सूर्य मावळायच्या आत वात पेटवली आणि प्रार्थना म्हटली. मग त्यांनी वर पाहिलं. मोठ्या हट्टाने आणलेला मठ्ठ पंखा ढिम्म लटकत होता. बंद करायला आज काहीच नव्हतं. तीन दुकानखेपा, हरेशच्या करंज्या, मुलाशी बोललेलं खोटं, सगळं पाण्यात गेलं. त्यांना स्वतःचंच हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

जेवण झालं. जिन्यात सपातांचा आवाज आला. प्रत्येक मजल्याला थांबत, बिल्डरला शिव्या घालत, कुणीतरी चढत होतं. अबीगेलबाई धावत दाराशी गेल्या नाहीत, कारण गुडघे धावण्यातले राहिले नव्हते. पण दार त्यांनी वेळेत उघडलं.

गुणाबाई घामाने निथळत उभ्या होत्या. हातात बॅटरी.

“फॅन बंद कराया आले,” त्या म्हणाल्या.

सरळ बोर्डापाशी गेल्या. पंख्याचं बटण दाबलं, ट्यूबलाइटचं दाबलं, रेग्युलेटर कटकट करत शून्यावर आणला. न फिरणारा पंखा नीट बंद झाला की नाही, हे त्यांनी बॅटरी मारून पाहिलं.

अबीगेलबाईंना काहीतरी बोलायला हवं होतं. शेवटी त्यांना तेच वाक्य सापडलं.

“बरं झालं आलीस,” त्या म्हणाल्या. “आज वारा फार लागत होता.”

“तं काय,” म्हणून गुणाबाई खुर्चीवर बसल्या. काम पहिल्यांदाच आधी झालं होतं आणि तरी त्या बसल्या होत्या, हे दोघींच्याही लक्षात आलं. सरबत झालं. शिळ्या चहाला नावं ठेवून झाली. सुनेने सासूला दिलेलं उत्तर अखेर अबीगेलबाईंना कळलं आणि त्या इतक्या हसल्या की पेल्यातली वात हलली.

तेवढ्यात वीज आली. सगळ्या इमारतीत पोरांनी कल्ला केला, समोरच्या खिडक्या उजळल्या, लिफ्ट गुरगुरली. खाली रुबेनचा टाइमर लावलेला पंपही सुरू झाला. फक्त अबीगेलबाईंचा हॉल होता तसाच राहिला, कारण गुणाबाईंनी सगळी बटणं चोख बंद केली होती. उकाडा तर असा की दोघींची पातळं अंगाला चिकटलेली.

अबीगेलबाई सांगू तर शकत नव्हत्या. त्यांनी पदराने वारा घेतला आणि छताकडे पाहत म्हणाल्या, “काय उकडतंय गं आज.”

इतक्या वर्षांत गुणाबाईंना त्यांचा इशारा कळला नाही, असं कधी झालं नव्हतं. आजही कळला होता. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं आणि कपात उरलेला चहा ओतून घेतला.

“लावला तं बंद करून जावं लागंल,” त्या म्हणाल्या. “बस उकडत.”