मामीच्या भीतीचं रीडिंग

आमच्या मोठ्या मामीइतकी भांडकुदळ बाई अमरावतीपासून अकोल्यापर्यंत शोधून सापडायची नाही, आणि चीड आणणारी गोष्ट अशी की दरवेळी बरोबर तीच असते. माझ्या लग्नात तिने माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या मामांना भर पंगतीतून उठवलं, कारण वाढणाऱ्या पोरींना ते ‘ए, ए’ करून हाक मारत होते. "पोट्ट्याइले नावं असतात," एवढंच म्हणाली. आमच्या घरचे ते आठवलं की अजून घाम पुसतात. मला विचाराल तर तो सोहळ्यातला सर्वात उत्तम कार्यक्रम होता.

अशा बाईला छातीचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, सगळं तिने डॉक्टरांशी भांडत भांडत पार पाडलं आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही बऱ्या. खरा छळ तिथून सुरू झाला, आणि तो आजाराने नाही, भेटायला येणाऱ्यांनी केला. कोणी पपईच्या पानांचा रस आणे, कोणी ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून चहाबरोबर चिवडा फस्त करे. मामीला रात्रभर झोप नसायची. खांदा जरा दुखला तरी, ‘परत आला की काय’ म्हणून ती उठून बसायची. तर सख्खी नणंद म्हणते, "आता बरी झाली ना? मंग रडतं कावून?" अरे, माणसं आहेत की कोण! जिला भीती वाटते तिनेच सगळ्यांना धीर द्यायचा, हा कुठला न्याय? मामीने एकदाच सुनावलं, "मी मेली तर तुमी रडसान, अन् मी जित्ती हाय तर मले रडू देत नाई!"

अकोल्याच्या दवाखान्यात एक समुपदेशक पोरगी होती. कॅन्सरमधून उठलेल्या बायकांना ती दर आठवड्याला गोल बसवून बोलतं करायची. सोबत, असं बोलण्याने ताण उतरतो का हे तपासणारा एक अभ्यासही चालू होता. मनावर ताण असला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं काहीतरी वाढतं म्हणे, आणि ते थुंकीतही मोजता येतं. म्हणून सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, नळीत थुंकी भरायची. नणंदेने कपाळावर हात मारला, "येडी झाली का हे? बोलून का होते?" पण मामा खूश झाले. मामांची सारी नोकरी घरोघर विजेचे मीटर वाचण्यात गेलेली. आकडा दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. "चिंतेचंही रीडिंग निघते, बाप्पा!" म्हणत ते पहाटे दारात तोंडावर बोट ठेवून पहारा द्यायचे. तरी एकदा पपईवाली शेजारीण रस घेऊन आत शिरलीच. तोंडात नळी धरलेल्या मामीने निव्वळ डोळे आणि कोपर वापरून तिला फाटकाबाहेर काढलं. त्या दिवशीचं कॉर्टिसोल कोणाचं वाढलं असेल, हे शेजारणीला विचारायला हवं.

काही महिन्यांनी निकाल आला. आकडा होता तिथेच होता. नातेवाइकांना असा आनंद झाला की जणू त्यांचीच लॉटरी लागली. मामांचं मात्र तोंड उतरलं. "रीडिंग तर तेच हाय. मंग अकोल्याचे हेलपाटे कायले?" ते म्हणाले. मी तिथेच होते. मामी लाल झाली.

"मले झोप लागून राहिली, थे तुमाले दिसत नाई? मीटरले कळते लाईट किती जळला. त्या उजेडात पोरगी अभ्यास करून राहिली का घरात मारामारी चालू हाय, थे कळते का त्याले? जानं बंद कर म्हनसान तर तुमीच चला एक डाव. मंग सांगा."

मामा गेले. मीही सोबत गेले. आकडा सगळ्यांचाच हलतो असं नाही, हे त्या समुपदेशक पोरीने त्यांना शांतपणे समजावलं आणि मग विचारलं, "काका, काकूंच्या आजारपणात तुम्ही कसे होता?" एवढ्या काळात त्यांना हे कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मामांनी भिंतीकडे पाहिलं, चष्मा काढला आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. मामीने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला अडवलं नाही. परतीच्या बसमध्ये दोघं एका सीटवर बसली होती. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. मामांची पिशवी मामीच्या मांडीवरच होती.

पुढची तपासणी आता आठवड्यावर आली आहे. काल मामांचा फोन आला. हवापाणी झालं, संत्र्याचा भाव झाला, आणि मग हळूच म्हणाले, "पोरी, मले भेव वाटून राहिलं वो."

मागून मामी ओरडली, "फोन इकडे द्या! मले तुमच्यापेक्षा जास्त वाटून राहिलं!"

मी आळीपाळीने दोघांचंही ऐकून घेतलं, बराच वेळ.