गाईच्या तोंडातून वाचलेली गाजराची फुलं

मित्रहो, लग्नात सलादच्या ताटावर भाज्यांची फुलं कोरायची आणि नंतर उकिरड्यावर फेकायची, याविरुद्ध मी व्यासपीठावरून अनेकदा कडाडलो आहे. आज दुपारी हिंगणघाटच्या एका लग्नात नुसतं बोललो नाही. पंगत उठताच कोरलेल्या गाजरांचं ताट उचललं आणि मांडवाबाहेरच्या गाईकडे निघालो.

गाईनं पहिलं फूल खाल्लं, तोच मागून एक बाई धावत आली. “ओ भाषणवाले भाऊ! गाईले काऊन देऊन राह्यले? माह्या पोरीचं तोरण हाय ते!”

त्या सलाद कोरणाऱ्या वनिताताई. उरलेली फुलं त्या घरी नेतात, मिठाच्या पाण्यात भिजवतात आणि डब्यात कोरड्या वाळूत पुरून वाळवतात. वाळताना गाजर आकसतं, म्हणून पाकळ्या मुद्दाम जाड कोरतात. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. तोरणाला पाच फुलं कमी होती आणि ताटात नेमकी पाचच होती; त्यातलं एक आता गाईच्या पोटात होतं.

मी ओशाळलो. “एक मी कोरून देतो,” म्हणालो. त्यांनी लगेच सुरी हातात दिली.

तीन गाजरं बिघडली. ती मीच खाल्ली. चौथं पाहून ताई खळखळून हसल्या. “हे फूल हाय का भोंगा? असू द्या भाऊ, तोरणाच्या मधात लावतो.”

अन्न वाया घालवू नका, हे मी उद्याही गर्जून सांगेन. पण ताट उचलण्याआधी कोरणारीला विचारेन.

तुमच्या घरच्या लग्नात ती फुलं कोणी कोरली होती? नाव आठवतं?