घरच्या पोराचा पगार

खमरियाच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर भाऊरावांनी दीक्षितपुऱ्यात एक लेथ मशीन टाकली. धाकट्या भावाच्या माघारी पुतण्या विनय त्यांच्याकडेच वाढला होता. डिप्लोमा होताच तो काकांच्या शेजारी मशीनवर उभा राहिला आणि चांगली सहा वर्षं राहिला. बाहेरच्या कारागिराला हप्त्याच्या हप्त्याला मजुरी मिळे, विनयला कधीच नाही. त्याला मोटरसायकल हवी झाली, काकांनी घेतली. कॅनडात शिकायला जायचं झालं, काकूच्या पाटल्या सराफ्यात गेल्या. घरच्या पोराच्या हातावर पगार ठेवणं भाऊरावांना त्याला परकं करण्यासारखं वाटे.

शिक्षण संपलं. तिथे कायमचं राहायचं तर कामाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि पगार घेऊन केलेलं कामच ते लोक अनुभवात धरतात. विनयचा फोन आला.

"काका, एवढं लिहून द्या, की महिन्याला पगार देत होतो."

"दिला कुठं मी?"

"सगळेच लिहून देऊन राहिले. कोण पाहायला येते?"

"अन् तू काय माझ्याकडे नोकर होता?"

"नोकर असतो तर बरं झालं असतं, काका."

भाऊरावांनी फोन बायकोकडे दिला. बोलणं झाल्यावर अनसूयाबाई देवापुढची वात सारखी करत म्हणाल्या, "द्या न लिहून. पाप लागलं तर माझ्या माथी."

"दसऱ्याला जिला हळदकुंकू वाहतो, त्या मशीनच्या नावानं खोटं काहून लिहू?"

त्यांनी खरं तेच लिहिलं. विनय सहा वर्षं उत्तम काम करत होता; पगार दिला नाही, तो घरचा मुलगा आहे. विनयनं तो कागद अर्जाला जोडलाच नाही. आता तो एका गोदामात खोकी उचलतो. पगार मिळतो, पण बिनकौशल्याचं म्हणून तेही काम तिथे अनुभवात धरत नाहीत. तिथे राहायचं परमिट उन्हाळ्यापर्यंतचंच आहे. त्याचा फोन काकूला येतो. काकांचं नाव निघत नाही.

लतिका, भाऊरावांची मुलगी, मशीनच्या कामाची ड्रॉइंगं काढते, बिलं करते. परवा ती मोबाइल घेऊन खाली मशीनपाशी आली.

"बाबा, माझ्या खात्यात पैसे काहून टाकले?"

"पगार आहे तुझा."

"अच्छा, म्हणजे मी आता बाहेरची झाली?"

भाऊराव मशीनवरचा लोखंडाचा कीस ब्रशनं झाडत राहिले. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "घरचीच आहेस. पण उद्या कोणी विचारलं, हिला पगार देत होता का, तर मला खरं सांगून हो म्हणता आलं पाहिजे."