सोन्याखालचा दात

अनसिंगकडच्या एका स्टेशनवर कोळशाच्या इंजिनाच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. दुपार रणरणत होती. बाकावर शेजारी एक अनोळखी म्हातारा होता. त्याच्या समोरच्या एका दातावर सोन्याची टोपी होती. मधूनच तो त्या दातावर नखानं टकटक करी आणि मान तिरपी करून ऐकत राही, बंद दाराबाहेर उभं राहून ऐकावं तसा.

शेवटी मी विचारलंच, "किडला होता का?"

"नाही जी, चांगला होता. पोहरादेवीच्या जत्रेत दातवाल्यानं कानशीनं घासून बारीक केला अन् वर हे बसोलं."

"चांगला दात घासून घेतला? कशाला?" मी ओरडलोच.

"माणूस मराले टेकला का घरचे तोंडात सोनं ठेवतेत ना? माह्या घरी कोणी नाही. म्हून आधीच ठेवून घेतलं." त्यानं सोन्यावरून जीभ फिरवली. "आधी थंड पानी लागलं का ठणके. आता दात काहीच बोलून नाही राह्यला. तुमी ऐका बरं."

त्यानं तोंड उघडलं. मी कान जवळ नेला. नख वाजलं, आणि सोन्याखालून कुजका वास आला. मी झटकन मागे सरलो.

"गेला ना?" तो समाधानानं हसला. "चला, त्याले तरी सोनं भेटलं."