उणे मास्तरांची अट

आमच्या भूमितीच्या मास्तरांनी कुणाला शाबास म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. तपासलेले पेपर परत देताना ते एकेकाला उभं करत आणि त्याच्यात काय कमी आहे, ते वर्गाला सांगत. "अक्षर बरं. घाई फार. बस." मग पुढचा. "हुशार आहे. तसं त्याला कुणीतरी सांगितलंय. बस." मुलं त्यांना उणे मास्तर म्हणत. मुलाचं काही चांगलंही सांगा, असं एका पालकांनी एकदा सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, "ते तुम्ही घरी सांगताच. शाळेत पुन्हा कशाला?"

मी लांज्याच्या पलीकडच्या खेड्यातून रत्नागिरीला आत्याकडे शिकायला आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. पाठांतर हा माझा एकच गुण. दोनदा वाचलं की पान डोळ्यांपुढे उभं राही. युनिव्हर्सिटीत शिरायला एवढं पुरतं, अशी माझी समजूत होती.

भूमितीचं पुस्तक माझ्याकडे नव्हतं. वरच्या वर्गातल्या एकाचं जुनं पुस्तक मी दिवाळीच्या सुट्टीत आणलं आणि अख्खं उतरून काढलं. एका पानावर वाळवीने एका प्रमेयाच्या दोन ओळी खाल्ल्या होत्या. मी वरची ओळ खालच्या ओळीला जोडली, वही स्वच्छ दिसेल अशी, आणि तसंच पाठ केलं. माझं अक्षर चांगलं म्हणून आणखी सहाजणांनी ती वही उतरून घेतली.

मॅट्रिकचे फॉर्म जाण्याआधी शाळेत चाचणी होई. तीत नेमकं तेच प्रमेय आलं. मास्तरांनी एकच चूक केलेल्या आम्हा सातजणांना उभं केलं. "हे कुणी शिकवलं?" मी पुस्तक आणून दिलं. त्यांनी पानाच्या भोकातून पेन्सिल आरपार घातली आणि वर्गाला दाखवली. "वाळवीनं." वर्ग हसला. ते हसले नाहीत.

मग एकेकाला फळ्याशी बोलावून त्यांनी तेच प्रमेय करायला लावलं. बाकीचे सहा अडखळले, पण विचारत विचारत सुटले. मी खडू धरून उभा राहिलो. "त्रिकोण एकदम सारखे कसे झाले, तुला कळलं होतं?"

"नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

मी खाली पाहिलं.

"पाठांतर उत्तम. याचा फॉर्म जाणार नाही. बस."

फॉर्म नाही तर मॅट्रिक नाही, मॅट्रिक नाही तर कॉलेज नाही. चुलते मुंबईला गिरणीत होते आणि साच्यावर, म्हणजे मागावर, एक जागा बघून ठेवतो, असं त्यांचं पत्र आधीच येऊन पडलं होतं. आत्याने बाबांना निरोप धाडला. ते दोन दिवस चालत आले आणि मला घेऊन मास्तरांच्या पडवीत उभे राहिले.

"मास्तर, पोराचा काय चुकला? वाचत नाय काय?"

"वाचतो. कळलं नाही तरी वाचतो. न कळलेलं विचारत नाही."

बाबा म्हणाले, "तां म्याच सांगितलाय त्याला. मास्तरांच्या म्होरं तोंड उघडू नको म्हणून. आमच्यात कोण उघडीत नाय."

"मग आता तुम्हीच उलटं सांगा. माझं ऐकणार नाही तो."

बाबांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि माझ्याकडे वळले. "इचार."

मी जमिनीकडे बघत होतो.

"अरे इचार, मेल्या! मी काय हितं काजीची रोपां लावायला आलोय?"

"मास्तर," मी म्हणालो, "ती मधली रेघ काढायचीच कशाला?"

मास्तर म्हणाले, "बस खाली," आणि जेवणवेळ टळेपर्यंत पाटीवर रेघा काढत राहिले. बाबाही बसले होते. त्यांना काय कळलं, ते मी विचारलं नाही.

निघताना अट ऐकली. फॉर्म जाईपर्यंत रोज न कळलेलं एक आणायचं. एक दिवस चुकला, की फॉर्म राहिला. "आणि कळलेलं आणून न कळल्याचं सोंग करू नकोस. ते मला समजतं." पहिल्या आठवड्यात मला धास्ती होती, की प्रश्न संपतील. तिसऱ्या आठवड्यात त्यातला एक निवडायला वेळ लागू लागला. शेवटच्या दिवशी त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "विचारताना अजून जमिनीकडे बघतोस," म्हणाले आणि सही केली.

मी मॅट्रिक झालो. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत मुंबई गाठायची होती. धक्क्यावर बाबा होते. मास्तरही आले, छत्री घेऊन. आशीर्वाद वगैरे त्यांनी दिला नाही. "काही विचारायचंय?"

"मास्तर, तिथं मला जमेल का?"

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "मी कॉलेजात गेलेलो नाही. मॅट्रिक झालो, ट्रेनिंग केलं, इथं लागलो. कॉलेजातलं मला काही कळत नाही."

बाबा बघतच राहिले. हमाल, उतारू, खलाशी, सगळे आसपास होते. मास्तरांनी आवाज खाली केला नव्हता. मी त्यांच्या पाया पडलो आणि आगबोटीकडे जाणाऱ्या पडावात चढलो.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरांनी भराभर इंग्रजीत सांगत फळा भरला आणि सगळ्यांना कळलं का, असं विचारलं. शंभरेक माना हलल्या. पुढच्या बाकावर मुंबईच्या शाळांतली, कोटातली मुलं होती.

मी उभा राहिलो.