सीमेवरच्या गावी दोघी विहिणी

माझ्या मुलीनं त्या रविवारी आम्हा दोघींना सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं, स्वतः समोर खुर्ची घेतली आणि विचारलं, "नेमकं तिथेच का जायचंय तुम्हाला?"

दोघी म्हणजे मी आणि तिची सासू, माझी विहीण. मी पनवेलची. रक्त तपासायच्या लॅबमध्ये सुया टोचण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. विहीणबाई उरणकडच्या कोळीवाड्यातल्या. त्यांचे यजमान मासेमारीला जायचे. ते वारल्यावर विहीणबाई मुलाकडे, रोडपालीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. मुलांनी आपलं आपण जमवलेलं लग्न, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी सणासुदीपुरत्या आणि फार जपून बोलायचो. नातू झाला, मुलगी-जावई कामावर जाऊ लागले, आणि नातवाला सांभाळायचे दिवस आम्ही आपसांत वाटून घेतले. त्या सकाळ-दुपारच्या अदलाबदलीत आमची खरी ओळख झाली. त्या मला ईनबाय म्हणतात. मी अजूनही विहीणबाईच म्हणते.

काश्मीरचं वेड त्यांचं. फोनवर त्यांनी सीमेवरच्या एका गावाचा व्हिडिओ पाहिला. मध्ये जेमतेम एक नदी, अलीकडे आपलं गाव, पलीकडे पाकिस्तानच्या ताब्यातलं. दोन्हीकडे बायका कपडे धुतायत. त्यांनी तो मला दाखवला, पुन्हा दाखवला आणि मग म्हणाल्या, "ईनबाय, जाव का आपून?" मला आधी आश्चर्य वाटलं ते त्यांनी मला विचारलं याचंच. मी लगेच हो म्हणाले.

पनवेलच्या एका सहल कंपनीत नावं नोंदवली. निघायच्या थोडे दिवस आधी बातम्या सुरू झाल्या. सीमेवर गोळीबार, घरांची पडझड, लोक तळघरात. सहल रद्द झाली. कंपनीनं त्याऐवजी केरळ देऊ केलं. माझे यजमान म्हणाले, केरळ काय वाईट आहे, हाऊसबोटीत राहा मजेत. विहीणबाईंना हे मी फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माजा अख्खा जलम होडीच्या वासात गेला. आता परत होडीतच बसाला केरलाला जाऊ?"

पुढे सीमा शांत झाली. तिथे जायचे परवाने पुन्हा मिळू लागले. आम्ही वेड्या नव्हतो. मी त्या गावातल्या एका घरगुती मुक्कामाचा नंबर मिळवला, तिथल्या बाईशी बोलले, रस्ता उघडा असल्याची खात्री केली, आणि मगच आम्ही दोघींनी आपल्या आपण जायचं ठरवलं. ते कळल्यावर रविवारची ती बैठक बसली.

जावई मोबाइलवर एकेक बातमी काढून आईला दाखवत होते. यजमान मधेच म्हणाले की निसर्गच बघायचा तर कर्नाळा काय वाईट आहे, डबा घेऊन जाऊ, पक्षी बघू. मुलगी मात्र खरोखर घाबरली होती, हे मला दिसत होतं. तिचं पुन्हा पुन्हा एकच, काही झालं तर?

मी तिला म्हटलं की तुझ्या मुलाला कडेवर घेऊन मी कळंबोलीच्या सर्कलला कंटेनरच्या रांगांमधून रस्ता ओलांडते. तिथे काय होतं ते रोज पेपरात येतं. त्यावर आपल्या घरात कधी बैठक बसली का? ती म्हणाली, ते वेगळं, ते गरजेचं आहे.

तेव्हा विहीणबाई बोलल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं.

"तुजा बापूस वादलातपन दर्यावर जायचा. तवा कोनी नाय विचारला, कशाला जातंस. लोक बोलाचे, मरद हाय. पोटासाठी मराला गेला तो मरद, नि मी जीवाला बरा वाटाला जाते तर येडी? ह्यो कनचा न्याय रं?"

जावयांनी मोबाइल खाली ठेवला. त्यांच्या वडिलांना समुद्रानं काही केलं नव्हतं. मधुमेहानं पाय सडला आणि ते घरच्या पलंगावरच वारले. ते सगळ्यांना आठवलं असावं. मुलीनं शेवटचं विचारलं, आणि बाळाचं काय? मी म्हटलं, तुम्ही दोघं रजा घ्या. तिनं रजा घेतली, पण आम्हाला सोडायला खालीसुद्धा आली नाही.

विहीणबाईंनी जन्मात पहिल्यांदा सलवार-कुर्ता घातला होता. पनवेलच्या बाजारातून बूट घेतले होते आणि विमानतळावर त्या सारख्या पायांकडे बघत होत्या. श्रीनगरला उतरून आम्ही गाडी केली. खिंडीचा रस्ता सुरू झाला आणि ज्या बाईला उधाणात होडीत कधी मळमळलं नाही तिला वळणावळणावर उलट्या झाल्या. गाडी थांबवून मी पाणी देत होते. म्हटलं, परत फिरू या का? त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि परत फिरायचं नाव काढाल तर तुम्हाला इथेच उतरवीन, असं सांगितलं.

गाव व्हिडिओतल्यासारखं नव्हतं. व्हिडिओत गाणं होतं. इथे नदीचा एवढा आवाज की शेजारच्या माणसाशीही मोठ्यानं बोलावं लागे. लाकडी घरं, अक्रोडाची झाडं, आणि समोर, आपल्याकडे खाडीपलीकडचं गाव दिसावं तितक्या जवळ, दुसरा देश. पत्र्याची छपरं, एक शाळा, छपरावर मका वाळत घालणारा एक म्हातारा. विहीणबाई काठावर जाऊन उभ्या राहिल्या आणि पलीकडे धुणं धुणाऱ्या एका बाईकडे पाहून त्यांनी हात वर केला. ती बाई क्षणभर बघत राहिली, मग बादली उचलून आत निघून गेली. विहीणबाईंचा हात तसाच वर राहिला. "तिचा पन बराबर हाय," त्या म्हणाल्या, "आपून कोन तिचे?" मग बराच वेळ त्या पाण्यातच बघत बसल्या, मासे कुठल्या दगडाआड असतील याचा अंदाज घेत.

मुक्कामाच्या घरची आमची यजमानीण चाळिशीतली होती. तिचा नवरा कामासाठी शहरात असे. घराच्या एका भिंतीला नवी लाकडं मारलेली होती, जुन्या काळपट लाकडांत ती उठून दिसत. अंगणाच्या कोपऱ्यात जमिनीखाली तळघर. तिनं ते आम्हाला न मागता दाखवलं. आत गोधड्या, पाण्याचे कॅन आणि बटाट्यांची पोती. शांत दिवसांत बटाटे इथेच बरे राहतात, ती म्हणाली. चहा देताना तिनं सहज विचारलं की तुम्ही दोघी एवढ्या लांबून कशाला आलात. माझ्या मुलीसाठी जमवलेली दहा उत्तरं मी मनात चाळत होते. विहीणबाई त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "देखने को." ती हसली. "बस?" "बस."

त्या 'देखने को'नं मला टोचणी लावली. हिची भिंत फुटली ती जागा बघायला आम्ही आलोय का? मी ते तिला सरळ विचारलं, आमचं येणं तुला खटकत नाही ना? ती म्हणाली की गोळीबाराचा तो सगळा मोसम तिनं नदीचा आवाज ऐकत एकटीनं काढला होता, तेव्हा कुणासाठी तरी पोळ्या कराव्यात असं वाटायचं. आणि हेही म्हणाली की घरी जाऊन फक्त तळघराबद्दल सांगू नका, अक्रोडाबद्दलही सांगा. तिनं आमचे आभार मानले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. आम्ही तिच्यावर उपकार करायला गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात शेंगा सोलत होतो. एकाएकी डोंगरातून दणका आला. मग आणखी एक. जमीन पायाखाली हलली. यजमानीण एक शब्द न बोलता उठली, एका हातानं माझं मनगट आणि दुसऱ्यानं विहीणबाईंचं धरून तिनं आम्हाला तळघरात ढकललं, मग अंगणातल्या शेळीला ओढत आत आली आणि तोंडाशी फळी लावून घेतली.

मला वाटलं होतं की अशा वेळी मी शांत राहीन. आयुष्यभर लोकांना मी 'घाबरू नका' म्हणत आले. पण माझे दात वाजत होते. नातवाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मुलीचं म्हणणं मनात शब्दाशब्दानं खरं झालं. मला तिथून उठून पनवेलला, माझ्या ओट्यापाशी जायचं होतं. विहीणबाई मला चिकटून बसल्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आणखी दणके आले, मग थांबले. बऱ्याच वेळानं बाहेरून कोणीतरी हाक मारली. वरच्या अंगाला रस्त्यासाठी सुरुंग लावले होते आणि खाली कळवायचं राहून गेलं होतं.

विहीणबाईंना हसू आलं. मलाही आलं असतं, पण माझं लक्ष यजमानिणीकडे गेलं. ती फळी बाजूला करायचा प्रयत्न करत होती आणि तिच्या बोटांना ती धरवत नव्हती. विहीणबाईंनीही ते पाहिलं. त्या उठल्या, त्यांनी फळी काढली, तिला बाहेर आणून बसवलं आणि चुलीपाशी जाऊन चहा टाकला. परक्या स्वयंपाकघरात साखर कुठे, चहा कुठे, हे न विचारता त्यांनी शोधून काढलं. आम्ही तिघींनी तो प्यायला. मग विहीणबाईंनी शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या, "ईनबाय, घरी ह्या सांगाचा नाय हां." मी म्हटलं, सांगणार. लपवलं तर आम्ही काहीतरी चोरून केलं असं होईल, आणि मी चोरून काही केलं नव्हतं.

मी मुलीला सगळं सांगितलं. दणके, तळघर, माझे दात वाजले तेही. तिला वाटलं असावं की आता मी म्हणेन, तुझं बरोबर होतं. ते मी म्हणाले नाही. ती माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलली, नातू द्यायला दारापर्यंत आणि घ्यायला दारापर्यंत. ते मला लागलं. ती चुकत होती असं मी आजही म्हणणार नाही. तिची भीती खरी आहे, आणि ती माझ्यावरच्या मायेतून येते. पण तिच्या भीतीच्या मापानं मी माझे दिवस कापून घेणार नाही. मला तिथे जायचं होतं, मी गेले, मला भीती वाटली, आणि मला पुन्हा जायचंय. यातल्या एकाही वाक्यापुढे मला 'पण' लावावासा वाटत नाही.

सोसायटीतल्या बायका अजून विचारतात, एवढं काय आहे तिथे? मी त्यांना अक्रोडाबद्दल सांगते. काही जणी मनापासून ऐकतात, काही मान हलवतात.

मुलगी हळूहळू निवळली. गेल्या आठवड्यात जेवताना तिनं अट घातली, पुढच्या वेळी रोज संध्याकाळी फोन करायचा. मी म्हटलं, रेंज असेल तर करीन. तिनं माझ्या ताटात भात वाढला. समोर विहीणबाई नातवाला मासा काटे काढून भरवत होत्या. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, या खेपेला बर्फ असताना जायचं का?