दादांच्या खिशातल्या गोळ्या

आमच्या कुत्र्याला गोळी देणं ही घरातल्या शहाण्या माणसांची परीक्षा होती, आणि पहिले दोन दिवस त्यात पास झाला तो फक्त कुत्रा. चपातीच्या घासात गोळी लपवली, तर घास पोटात आणि गोळी बाजूला. पेढ्यात दाबून दिली, तर पेढा गेला आणि गोळी फरशीवर आली, तीही चाटूनपुसून चकचकीत, मी परत पाकिटात भरून ठेवावी अशी. दह्यात चुरून दिली, तर साहेबांनी आधी वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. वीस वर्षं शाळेत शिकवतेय, पण एकाही पोरानं मला इतकं ओळखलेलं नाही.

झालं होतं असं, की बजाजनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कंपन्यांची शिफ्ट सुटायच्या वेळेला, हा एका मांजरामागं पळाला आणि मोटारसायकलखाली आला. मांजर सुखरूप. मोटारसायकलवालाही सुखरूप, वर मलाच चार शब्द सुनावून गेला. याच्या मागच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी, वयानं माझ्या भाचीएवढ्या असतील, ऑपरेशन करून आत प्लेट बसवली आणि मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. दुखणं कमी करायची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी, दोन्ही काहीतरी खाल्ल्यावर. घरातली माणसांची गोळी चुकूनही द्यायची नाही. उड्या बंद. पण दिवसातून चार वेळा पट्ट्याला धरून अंगणात सावकाश चालवायचं, म्हणजे तो पाय टेकवायला लागेल. "पाय टेकवणं फार महत्त्वाचं आहे, ताई," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. शेजारी बसलेल्या दादांनी डोलावली नाही, ते मी तेव्हाच बघायला हवं होतं.

दादा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून माझ्याकडंच असतात. घरात आम्ही तिघंच, मी, दादा आणि हा कुत्रा, ज्याला दादा 'गडी' म्हणतात. नोकरीभर ते पाचोडच्या आसपास जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. म्हणजे डॉक्टरांनी कापायचं-शिवायचं, आणि दादांनी जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची. पण डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि दादा रोज असायचे, त्यामुळं गावोगाव दादाच 'डाक्टरसाब' झाले. ती चूक दुरुस्त करायची त्यांना कधी गरज वाटली नाही. अजूनही तिकडचं कुणी भेटलं आणि "डाक्टरसाब, बरं हाय का?" म्हणालं, की त्या दिवशी ते दोन बोटं उंच होऊन चालतात.

अशा डाक्टरसाहेबांच्या डोळ्यांदेखत मी दह्यात गोळी चुरत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना ते बघवेना. "सर बाजूला. दोन्ही टायमाचं माझ्याकडं दे," ते म्हणाले. "बैलाच्या नरड्यात बांबूच्या नळीनं औषध घातलंय मी. हे तर टिचभर."

टिचभरानं डाक्टरसाहेबांनाही पाणी पाजलं. तोडगा निघाला तो शेजारच्या खालांकडून. त्यांनी बिनमिठाची उकडलेली कलेजी डब्यात घालून आणून दिली. कलेजीत गोळी असली की गडी डोळे मिटून गिळायचा. पंचाईत एवढीच, की दादा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात कलेजी! त्यावर त्यांनी उपाय काढला. हाताला दुधाची रिकामी पिशवी घालायची, तोंड भिंतीकडं करायचं आणि हात मागं धरायचा. गडी घास घ्यायचा, दादा 'राम कृष्ण हरी' म्हणायचे आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरवर बरोबरची खूण करायचे. मी एकदा विचारलं, "दादा, याचं पाप कुणाला लागतं? तुम्हाला की पिशवीला?"

"खालाला," दादा म्हणाले.

खाला दारातच उभ्या होत्या. "चलता है भाईजान," त्या म्हणाल्या, "पैलेच इत्ते हैं, एक और सही."

गोळीनं गुण दिला. पाचव्या दिवशी गडी अंगणात बोटं टेकवत चालला आणि मी शेजारीपाजारी सांगत सुटले. सहाव्या दिवशी दुपारी मी शाळेत असताना कंपाउंडवर मांजर आलं. तेच की दुसरं, देव जाणे. गडी दादांच्या हातातून पट्ट्यासकट सुटला, ओट्यावरून उडाला, घसरला आणि असा केकाटला, की खाला पिठाच्या हातानं धावत आल्या. मी घरी पोचले तेव्हा गडी आत गोधडीवर होता आणि दादा भिंतीला टेकून बसले होते. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पाय लोंबत नाही ना, सूज वाढली नाही ना, असं विचारून त्या म्हणाल्या, मग ठरल्याप्रमाणे दहाव्या दिवशी आणा, गोळ्या चालू ठेवा.

"दुखत नाय म्हणून उड्या मारतंय येडं," दादा एवढंच बोलले.

त्यानंतर गडी एकदम शहाणा झाला. दिवसभर गोधडीवर पडून. मांजर समोरून गेलं तरी मान उचलायचा नाही. "बघ, कसा सज्जनावानी बसलाय," दादा म्हणायचे, आणि मीही खूश. खरं तर सगळं डोळ्यांसमोर होतं. तो थरथरायचा, मी पंखा बारीक केला. पाय पोटाशी ओढून पडायचा, अंगणात नेलं तर तीन पायांवर उभा. कलेजी कशीबशी खायचा, बाकी ताटली तशीच. एकदा पाय पुसायला गेले तर माझ्यावर दात काढले. मी त्याला चांगलं झापलं. "नाटक्या, लाड पुरे झाले तुझे! इतक्या गोळ्या खाऊन कुणाला दुखतं का?" हे मी बोलले. आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दहाव्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेतला मात्र, गडी किंचाळला. गुडघा नीट वाकेना. त्यांनी एक्स-रे काढला. प्लेट जागेवर होती, स्क्रू जागेवर होते, ओट्यावरच्या उडीनं काही बिघडलं नव्हतं.

"गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?"

मी मोठ्या दिमाखात मोबाइल काढला आणि कॅलेंडरचा फोटो दाखवला. एकही खूण चुकलेली नाही. मास्तरीण बाई मी, हजेरीपट म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढतं.

फोटो बघून त्यांनी एक्स-रे परत एकदा उजेडाला धरला. मग म्हणाल्या, "पूर्ण औषध चालू असताना इतकं दुखतंय, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. पू धरला असेल. रक्त तपासते, पण मला वाटतं, उघडून बघावं लागेल. उद्या सकाळी उपाशीपोटी आणा."

परत भूल, परत कापणं. गड्याच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. दुसऱ्यांदा टेबलावर घेतलं तर तो उठेल का, हेच मला कळेना. तरी मी "बरं" म्हणाले. संमतीचा कागद समोर आला, मी पेन उचललं.

"थांब," दादा म्हणाले.

त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि टेबलावर सोडली. आत आठ गोळ्या होत्या.

"दिल्याच नाहीत मी," ते म्हणाले. "ओट्यावरून उडी मारली त्या दिसापासून. नुसती कलेजी दिली."

"दादा!" मी इतक्या जोरात ओरडले, की बाहेरच्या बाकावरचा कुणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला. "टाकून का नाही दिल्या मग?"

"औषध टाकत्यात व्हय?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच गुन्हा केला.

"आणि खुणा?"

"तू रोज बघायचीस ना."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि दादांच्या समोर बसल्या. "का नाही दिल्या, काका?"

"जनावराचा पाय मोडला की आम्ही बांधायचो आन गोठ्यात सोडायचो," दादा खाली बघत म्हणाले. "दुखतंय तवर जनावर हलत नाय. हलत नाय म्हणून हाड धरतं. दुखणंच राखण करतं त्याची. याला गोळी दिली की हा उडतोय, आन मला एकट्याला धरवत नाय. म्हणलं दुखू दे थोडं, पाय तर वाचंल."

"तुम्ही डॉक्टर होता का?"

"नाय," दादा म्हणाले. "पट्टी बांधायचो."

हे उत्तर मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं. माझा निम्मा राग तिथंच उतरला. उरलेला निम्मा मी घरासाठी राखून ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना हातानं दाखवत समजावलं. दुखतं म्हणून हा पाय उचलून धरतो. असाच धरून ठेवला तर मांडी वाळत जाते, गुडघा ताठ होतो, आणि मग हाड जुळलं तरी पाय काठीसारखा राहतो. "तसं झालं तर मलाही काही करता येत नाही, काका. उडी थांबवायची ती दोरीनं, दुखण्यानं नाही." उद्याचं कापणं त्यांनी थांबवलं. इंजेक्शन दिलं, गोळ्या पुन्हा चालू केल्या, गुडघा शेकायचा कसा आणि वाकवायचा कसा ते दाखवलं. "पाच दिवस देते. पाय टेकवला तर ठीक. नाही टेकवला तर मग अवघड आहे."

घरात पाऊल टाकलं आणि राखून ठेवलेलं बाहेर काढलं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा!"

"बैल कुठंय, कुत्रा हाय," दादा हळूच म्हणाले. मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला.

त्या संध्याकाळी त्यांनी दुधाची पिशवी शोधली नाही. उघड्या हातानं कलेजी फोडली, गोळी आत दाबली आणि गड्याच्या समोर बसून भरवली. खाला खिडकीतून बघत होत्या. मग दादांनी गड्याचा पट्टा पलंगाच्या पायाला बांधला, हातभर दोरी ठेवून, आणि स्वतःही तिथंच सतरंजी टाकून बसले. कोमट पाण्याच्या फडक्यानं गुडघा शेकायचे. मग पाय दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवायचे, सोडायचे, परत वाकवायचे. गडी गुरगुरला की थांबायचे. "ऱ्हायलं बाबा," म्हणायचे, "तू म्हणशील तवा." मी जाता-येता टोमणे मारायचे, "काय डाक्टरसाब, पेशंट काय म्हणतोय?" त्यांना उत्तर द्यायला सवड नसायची.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पाय पोटाशीच. मी वर्गात फळ्यावर भलतंच लिहायला लागले. चौथ्या दिवशी सकाळी दादा त्याला अंगणात घेऊन गेले. मी शाळेची पिशवी खांद्याला लावून ओट्यावर उभी. गड्यानं मातीत नाक घातलं, काहीतरी हुंगत पुढं सरकला, आणि पाय टेकला. आधी बोटं, मग पंजा. चार पावलं टाकली. मी ओरडायला तोंड उघडलं, तर दादांनी हातानं मला गप केलं. मग पट्टा तसाच हातात धरून ते तिथंच उकिडवे बसले, आणि बराच वेळ उठलेच नाहीत. त्या दिवशी मला शाळेला उशीर झाला.

आता तो सगळीकडं हिंडतो. जरासा लंगडतो. ते त्या चार दिवसांमुळं का, असं दादांनी शेवटच्या तपासणीला स्वतःच विचारलं. "सांगता येत नाही, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यातली गोष्ट. रविवारची दुपार होती, मी ओट्यावर मेथी निवडत होते. गडी ऊन खात पाय ताणून झोपला होता आणि दादा त्याच्या मांडीवरून हात फिरवत होते.

"लई जनावरं पाहिली मी," ते म्हणाले. "गप उभं ऱ्हायलं की म्हणायचो, चला, उतार पडला. त्याला दुखत असंल, असं कधी मनात आलं नाय."

"त्यांनीही तक्रार केली नाही ना तुमची?" मी चेष्टेनं म्हटलं.

दादा हसले नाहीत. "तुझी आईबी शेवटचे दोन महिने लई गप पडून होती," ते म्हणाले. "मी सगळ्यांना सांगायचो, आता त्रास नाय तिला. बघा कशी शांत हाय."

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. ते दिवस मला लख्ख आठवतात. मी दर रविवारी गावी जायचे, तिच्या पलंगाशी बसायचे, आणि सोमवारी शाळेत कुणी विचारलं की तेच सांगायचे. मला दादांचा राग यायला हवा होता. आला नाही. रडू आलं.

"दादा, मीपण तेच सांगत होते," मी म्हटलं. "आई, दुखतंय का, असं एकदा तरी विचारायचं होतं."

दादांचा हात गड्याच्या मांडीवर थांबला.

"मी तर रात्रंदिस तिथंच होतो," ते म्हणाले. "मीबी नाय विचारलं."